राज्य गेलं, घराणं उरलं

३० नोव्हेंबर १९१६ रोजी व्हिएन्नात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राट फ्रान्झ जोसेफची अंत्ययात्रा निघाली. पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं. जवळपास ६८ वर्षं गादीवर बसलेला हा म्हातारा गेला तेव्हा साम्राज्यातल्या बहुतेक लोकांनी दुसरा राजा पाहिलेलाच नव्हता. त्या दिवसाचं एक छायाचित्र युरोपच्या इतिहासावरच्या पुस्तकांत हमखास भेटतं. नवा सम्राट कार्ल चालतो आहे, त्याची पत्नी झिटा डोक्यापासून पायापर्यंत काळ्या वस्त्रात आहे, आणि दोघांच्या मधोमध पांढऱ्या कपड्यांतला चार वर्षांचा मुलगा. एवढ्या काळ्या गर्दीत नजर आधी त्याच्याकडेच जाते.

तो मुलगा म्हणजे युवराज ओटो. त्याचा जन्म २० नोव्हेंबर १९१२ चा, व्हिएन्नाच्या दक्षिणेला डोंगरपायथ्याशी असलेल्या रायशेनाऊ गावातल्या व्हिला वार्टहोल्ट्समधला. बारशाच्या वेळी त्याला डझनाहून जास्त नावं दिली होती, त्यातलं तिसरं पुढे चाललं. अंत्ययात्रेनंतर महिनाभरातच, ३० डिसेंबरला, बुडापेस्टमध्ये कार्लला हंगेरीचा राजा म्हणून मुकुट चढवला गेला. त्या समारंभातही हा चिमुकला युवराज जरीच्या कपड्यांत मिरवला. सुमारे पाच कोटी लोकसंख्येचं आणि डझनभर भाषांचं ते साम्राज्य एके दिवशी त्याचं व्हायचं होतं. पण तो सहा वर्षांचा होण्याआधीच ते नकाशावरून पुसलं गेलं.

युरोपातल्या विसाव्या शतकातल्या राजघराण्यांवर लिहायचं म्हटलं की लेखक सहसा लग्नं, घटस्फोट आणि दागिने यांत अडकतात. ओटो फॉन हॅब्सबर्गच्या आयुष्यात तेही आहे, पण मला या माणसात जे मोलाचं वाटतं ते वेगळं आहे. जी नोकरी अस्तित्वातच उरली नव्हती त्या नोकरीसाठी त्याला वीस वर्षं तयार केलं गेलं. ते शिक्षण वाया न घालवता त्यानं त्याचं नवं काम शोधलं. हद्दपारीत कुढत बसलेले राजपुत्र युरोपात ढिगानं होते. ओटो त्यांच्यात बसत नाही.

११ नोव्हेंबर १९१८ ला कार्लनं ऑस्ट्रियाच्या राज्यकारभारातून अंग काढून घेत असल्याच्या कागदावर सही केली. त्यात 'राजत्याग' असा शब्द त्यानं मुद्दामच येऊ दिला नाही. त्याच रात्री कुटुंबानं शोनब्रुन राजवाडा सोडला आणि व्हिएन्नाच्या पूर्वेला डॅन्यूबकाठच्या एकार्टसाऊ इथल्या शिकारी महालात आसरा घेतला. तो हिवाळा उपासमारीचा आणि साथीचा होता. क्रांतीच्या वातावरणात राजाच्या जिवाला धोका आहे, हे ओळखून इंग्लंडनं लेफ्टनंट कर्नल एडवर्ड लायल स्ट्रट या अधिकाऱ्याला त्यांच्या संरक्षणासाठी पाठवलं. स्ट्रटनंच मार्च १९१९ मध्ये सगळ्यांना आगगाडीनं स्वित्झर्लंडला पोचवलं. सरहद्द ओलांडण्याआधी फेल्डकिर्श या गावी कार्लनं जाहीरनामा काढून आधीचा आपला कागद जवळजवळ मागे घेतला. ऑस्ट्रियाच्या संसदेनं ३ एप्रिल १९१९ ला त्याला उत्तर दिलं. त्या दिवशी झालेल्या 'हॅब्सबर्ग कायद्या'नं घराण्याची मालमत्ता सरकारजमा झाली, कार्लला कायमची देशबंदी झाली. इतरांना परत यायचं असेल तर घराण्याचं सदस्यत्व आणि गादीवरचे सगळे हक्क सोडल्याचं लिहून देणं बंधनकारक झालं. त्याच दिवशी दुसऱ्या कायद्यानं सगळे सरदारी किताब रद्द झाले. नावातला 'फॉन' देखील ऑस्ट्रियात बेकायदा ठरला. हा हॅब्सबर्ग कायदा लक्षात ठेवा, कारण पुढची नव्वद वर्षं या कुटुंबाची वाट तो अडवत राहिला.

कार्ल स्वस्थ बसला नाही. १९२१ मध्ये त्यानं हंगेरीची गादी परत मिळवण्याचा दोनदा प्रयत्न केला, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. हंगेरी नावाला राजेशाहीच होती, पण राजाऐवजी तिथे कार्लचाच जुना नौदल सेनापती होर्ती 'राजप्रतिनिधी' म्हणून कारभार पाहत होता. त्यानं खुर्ची सोडली नाही. दुसऱ्या खेपेला गोळीबार होऊन माणसं मेली. मग दोस्त राष्ट्रांनी कार्ल आणि झिटाला ब्रिटिश युद्धनौकेवर चढवून अटलांटिकमधल्या पोर्तुगीज मदिरा बेटावर धाडलं.

मदिराचे शेवटचे महिने वाचताना मन विषण्ण होतं. पैसे संपले होते. फुंशाल शहरातलं घर परवडेना म्हणून कुटुंब डोंगरावरच्या मोंटे इथे एका बँकरनं दिलेल्या घरात राहायला गेलं. उन्हाळ्यात हवापालटाला बांधलेलं ते घर, हिवाळ्यात दिवसच्या दिवस धुक्यात बुडालेलं, भिंतींना ओल आलेली. मार्च १९२२ मध्ये मुलाच्या वाढदिवसाला खेळणी आणायला कार्ल डोंगर उतरून शहरात गेला आणि सर्दी घेऊन परतला. सर्दीचा न्यूमोनिया झाला. १ एप्रिलला तो गेला, वय अवघं ३४. शेवटच्या वेळी त्यानं नऊ वर्षांच्या ओटोला मुद्दाम खोलीत बोलावून घेतलं होतं. मरणाला कसं सामोरं जावं, हे थोरल्यानं पाहावं अशी त्याची इच्छा होती. झिटा तेव्हा २९ वर्षांची, पदरात सात मुलं आणि आठवं पोटात. त्या दिवसापासून ती मरेपर्यंत, म्हणजे पुढची ६७ वर्षं, काळ्या कपड्यांत राहिली. कार्लचं शव आजही मोंटेच्या चर्चमध्येच आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये त्याला 'धन्य' घोषित केलं, संतपदाच्या वाटेवरची ही अलीकडची पायरी.

झिटाविषयी थोडं थांबून लिहायला हवं. ओटो समजायचा तर तिच्याशिवाय समजत नाही. बूर्बों-पार्मा घराण्यातली ही मुलगी चोवीस भावंडांत वाढलेली. वडील पार्माचे पदच्युत ड्यूक, म्हणजे गेलेल्या राज्याची सवय तिला माहेरूनच होती. स्पेनच्या राजानं, अल्फोन्सो तेराव्यानं, तिला आसरा दिला. आठवी मुलगी एलिझाबेथ ३१ मे १९२२ ला माद्रिदजवळच्या एल पार्दो राजवाड्यात जन्मली. मग सगळं बिऱ्हाड बास्क किनाऱ्यावरच्या लेकेइतियो या कोळ्यांच्या गावी हललं. तिथे झिटानं घरातच शाळा उघडली म्हटलं तरी चालेल. ऑस्ट्रियाचा अभ्यासक्रम आणि हंगेरीचा अभ्यासक्रम, दोन्ही समांतर. हंगेरीहून पनोनहाल्मा मठाचे बेनेडिक्टाइन साधू शिकवायला येत. जर्मन आणि हंगेरियन तर रोजची, त्याशिवाय क्रोएशियन, फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी आणि लॅटिन. ओटोनं या सातही भाषा आयुष्यभर वापरल्या. मला विचाराल तर बापाकडून त्याला मिळालेली इस्टेट १९१९ लाच जप्त झाली. आईकडून मिळालेली ही इस्टेट मात्र कुठल्याही सरकारला जप्त करता आली नाही.

१९२९ मध्ये मुलांच्या उच्च शिक्षणासाठी कुटुंब बेल्जियमला गेलं. ब्रसेल्सजवळच्या स्टीनओकरझील गावातला हाम किल्ला त्यांचं घर झाला. २० नोव्हेंबर १९३० ला, अठरा पूर्ण होताच, ओटो घराण्याचा प्रमुख झाला. लूव्हेन विद्यापीठातून १९३५ मध्ये त्यानं राज्यशास्त्र आणि समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय ऐकून वाचकाला नवल वाटेल: ऑस्ट्रियातल्या शेतजमिनीचा वारसाहक्क. बापाच्या पश्चात वावर मुलांत वाटलं गेलं तर तुकडे होतात, आणि एकालाच दिलं तर बाकीचे उघड्यावर पडतात, हा प्रश्न. सिंहासनाच्या वारसानं अभ्यासाला शेतकऱ्याच्या बांधाचा प्रश्न घ्यावा, हे मला त्याच्या स्वभावाचं पहिलं चिन्ह वाटतं.

त्याच अभ्यासासाठी १९३२-३३ च्या हिवाळ्यात तो बर्लिनमध्ये होता. हिटलर सत्तेच्या उंबरठ्यावर होता. ऑस्ट्रिया गिळायचा तर हॅब्सबर्ग युवराज आपल्या पंगतीला असणं त्याच्या सोयीचं होतं. भेटीचं निमंत्रण आलं, ओटोनं नाकारलं. पुन्हा आलं, पुन्हा नाकारलं. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याच्या दुप्पट वयाचे, अनुभवी मुत्सद्दी म्हणवणारे कितीतरी लोक त्या काळात हिटलरच्या दारात रांग लावून उभे होते, हे ध्यानात घेतलं की त्या नकाराचं वजन कळतं.

ऑस्ट्रियात तोवर वातावरण पालटू लागलं होतं. दीड हजाराहून जास्त गावांनी ओटोला मानद नागरिकत्व दिलं होतं आणि हॅब्सबर्ग कायदाही सैल झाला होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रियाचा चान्सलर शुश्निग याला दम दिला, तेव्हा ओटोनं शुश्निगला पत्र लिहून सांगितलं की झुकू नका, आणि तुम्हाला झेपत नसेल तर चान्सलरपद माझ्या हाती द्या. शुश्निगनं ते मानलं नाही. पुढच्याच महिन्यात जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. त्या चढाईच्या लष्करी योजनेला नाझींनी सांकेतिक नाव दिलं होतं 'ओटो'. युवराज परत गादीवर बसवला गेला तर घुसायचं, यासाठी ती आखणी सुरू झाली होती. नाझींनी घराण्याची मालमत्ता पुन्हा जप्त केली आणि ओटोच्या अटकेचं फर्मान काढलं.

मे १९४० मध्ये बेल्जियमवर बाँब पडू लागले. त्यातले काही हाम किल्ल्यावरही पडले. कुटुंब निसटलं ते थोडक्या वेळानं. फ्रान्स ओलांडून ते बोर्दोला पोचलं. तिथल्या पोर्तुगीज वकिलातीबाहेर हजारो निर्वासित व्हिसासाठी तिष्ठत होते. तिथला कॉन्सल आरिस्तिदेस द सोझा मेंदेस यानं आपल्या सरकारचा हुकूम मोडून दिवसरात्र सह्या केल्या. त्यात ज्यू होते, कलावंत होते, आणि हॅब्सबर्गही होते. या सोझा मेंदेसची नोकरी त्यापायी गेली आणि पुढचं आयुष्य हलाखीत गेलं. त्याच्याबद्दल स्वतंत्र प्रकरण लिहायला हवं. तूर्त एवढंच, की जुन्या जगातला युवराज आणि जुन्या जगानं हाकलून दिलेले लोक त्या जून महिन्यात एकाच रांगेत उभे होते.

युद्धाचा बराच काळ ओटोनं अमेरिकेत काढला. रूझवेल्टच्या भेटी घेऊन तो एकच मुद्दा लावून धरत राहिला: ऑस्ट्रियाला शत्रू समजू नका, व्यापलेला देश समजा. झिटा धाकट्या मुलांना घेऊन कॅनडातल्या क्वेबेकला राहिली, कारण तिथे फ्रेंच चालायचं आणि कॅथॉलिक विद्यापीठ होतं. भाऊ फेलिक्स आणि कार्ल लुडविग अमेरिकी सैन्यात गेले. बहीण शार्लोट साध्या नावानं न्यू यॉर्कच्या ईस्ट हार्लेम या गरीब वस्तीत समाजसेविका म्हणून राबली. तिचं ते आडनाव होतं 'द बार'. तिच्याकडे येणाऱ्या बायकांना ती सम्राटाची मुलगी आहे याची गंधवार्ता असणं कठीणच.

युद्ध संपल्यावर ओटो काही काळ ऑस्ट्रियातल्या तिरोलमध्ये आला. पण नव्या प्रजासत्ताकानं १९१९ चा कायदा पुन्हा जिवंत केला आणि १९४६ च्या सुरुवातीला त्याला जावं लागलं. आता तो कुठल्याच देशाचा नव्हता. द गॉलच्या शब्दावरून मोनॅकोनं पासपोर्ट दिला, ऑर्डर ऑफ माल्टा या जुन्या कॅथॉलिक संघटनेनंही दिला. १९५७ मध्ये ऑस्ट्रियानं त्याचं नागरिकत्व मान्य केलं, पण 'डॉ. ओटो हॅब्सबर्ग-लोथ्रिंगेन' या साध्या नावानं. आणि पासपोर्ट दिला तो ऑस्ट्रिया सोडून जगातल्या सगळ्या देशांसाठी. आपल्याच देशाच्या पासपोर्टावर आपल्याच देशात जायला बंदी. असा कागद हाती घेऊन हा माणूस व्याख्यानं देत, वर्तमानपत्रांत लिहीत हिंडायचा. पोट त्यावरच चालायचं.

या भटक्या दिवसांतच त्याला घर मिळालं. म्युनिकमध्ये हंगेरीच्या निर्वासितांसाठी मदतकेंद्र होतं. तिथे काम करणारी रेगिना ही झाक्सेन-मायनिंगेन घराण्यातली राजकन्या. नावात राजवैभव असलं तरी तिच्या वाट्याला आलेलं दुःख सामान्य जर्मन मुलीइतकंच होतं. भाऊ युद्धात पडलेला, वडील सोव्हिएत छावणीत मेलेले. १० मे १९५१ ला फ्रान्समधल्या नान्सी शहरात दोघांचं लग्न झालं. ही जागा विचार करून निवडलेली. नान्सी ही लोरेन प्रांताची जुनी राजधानी, आणि मारिया थेरेसाचा नवरा फ्रान्झ याच लोरेनचा. म्हणजे हॅब्सबर्ग घराण्याची पुरुषशाखा अठराव्या शतकापासून खरं तर लोरेनचीच. १९५४ मध्ये जोडपं बव्हेरियात श्टार्नबर्ग सरोवराकाठी प्योकिंग या गावी स्थिरावलं. पुढची ५७ वर्षं ओटोचा पत्ता हाच.

पहिल्या पाच मुली: आंद्रेआ, मग मोनिका आणि मिखाएला ही जुळी, गाब्रिएला, वाल्बुर्गा. त्यानंतर जानेवारी १९६१ मध्ये मुलगा झाला, कार्ल. जवळपास चार वर्षांनी गेऑर्ग. हॅब्सबर्ग घराण्यात गादी मुलाला, त्यामुळे कार्लच्या जन्मानं जुन्या राजनिष्ठांच्या आशा पुन्हा पालवल्या असतील. आणि नेमक्या त्याच वर्षी, ३१ मे १९६१ ला, ओटोनं तो कागद लिहून दिला. घराण्याचं सदस्यत्व सोडलं, सगळे हक्क सोडले, मी प्रजासत्ताकाचा निष्ठावान नागरिक आहे. त्याच्या आईनं असं काही लिहून द्यायला जन्मभर नकार दिला होता. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात धाडसी क्षण कुठला असं कुणी विचारलं तर मी हिटलरला दिलेल्या नकाराचं नव्हे, या सहीचं नाव घेईन. नकार देताना घराण्याची परंपरा त्याच्या पाठीशी होती. सही करताना ती समोर उभी होती.

आणि सही करूनही दार उघडलं नाही. ऑस्ट्रियातल्या सत्ताधारी आघाडीतले समाजवादी आणि कॅथॉलिक पुराणमतवादी यांच्यात त्यावरून जुंपली. १९६३ मध्ये न्यायालयानं निवेदन पुरेसं असल्याचा निकाल दिला. तर समाजवाद्यांनी विरोधी पक्षाला हाताशी धरून संसदेत ठराव केला की ओटोचं येणं इष्ट नाही. 'हॅब्सबर्ग पेचप्रसंग' म्हणून हे प्रकरण ऑस्ट्रियाच्या राजकारणात गाजलं. अखेर १९६६ मध्ये पुराणमतवादी एकट्याच्या बळावर सत्तेत आले तेव्हा पासपोर्ट मिळाला. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला ओटो इन्सब्रुकला आला. त्यावरही संप झाले. समाजवाद्यांचा हा राग केवळ हट्ट म्हणून सोडून देता येत नाही. १९३४ मध्ये ऑस्ट्रियाच्या उजव्या सरकारनं कामगारवस्त्यांवर तोफा डागल्या होत्या. तेच सरकार पुढे हॅब्सबर्गांना मोकळीक देत होतं. ती जखम त्यांच्या मनात ताजी होती. म्हणूनच ४ मे १९७२ ला व्हिएन्नात समाजवादी चान्सलर ब्रुनो क्रायस्कीनं ओटोशी हस्तांदोलन केलं, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. झिटाला मात्र १९८२ पर्यंत थांबावं लागलं. ती परतली तेव्हा नव्वदीची होती, आणि सही तिनं केली नव्हतीच.

ते हस्तांदोलन झालं पॅन-युरोपा चळवळीच्या परिषदेत. ही चळवळ उभी केली होती काउंट रिखार्ड कूडेनहोव्ह-कालेर्गी यानं. वडील ऑस्ट्रियाचे मुत्सद्दी, आई जपानी, जन्म टोकियोचा. १९२३ मध्ये त्यानं पुस्तक लिहून युरोपच्या देशांनी एक व्हावं असं मांडलं, त्या वेळी लोकांना ते स्वप्नरंजन वाटलं होतं. ओटो तरुणपणीच चळवळीत आला होता. कूडेनहोव्ह-कालेर्गी गेल्यावर १९७३ पासून २००४ पर्यंत त्यानं तिचं अध्यक्षपद सांभाळलं. डझनभर भाषा एका छत्राखाली नांदवणाऱ्या घराण्याच्या वारसाला हे काम ओळखीचं वाटणं साहजिक होतं. १९७८ मध्ये त्यानं जर्मनीचं नागरिकत्वही घेतलं आणि १९७९ मध्ये युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक झाली तेव्हा बव्हेरियाच्या ख्रिश्चन सोशल युनियन पक्षातर्फे तो निवडून आला. वय ६६. बहुतेक लोक निवृत्त होतात त्या वयात त्याची खरी कारकीर्द सुरू झाली आणि वीस वर्षं चालली.

संसदेत त्यानं एक प्रस्ताव आणला: पोलादी पडद्यापलीकडच्या देशांसाठी सभागृहात एक खुर्ची रिकामी ठेवावी. तेव्हा अनेकांनी खांदे उडवले. ऑक्टोबर १९८८ मध्ये पोप तिथे भाषण करत असताना उत्तर आयर्लंडचे इयन पेझ्ली फलक फडकावून ओरडू लागले, तर पंचाहत्तरीतला ओटो उठून फलक हिसकावण्यात आघाडीवर होता.

आता हंगेरीच्या सरहद्दीवरचं शोप्रॉन. जून १९८९ मध्ये ओटोनं हंगेरीतल्या डेब्रेत्सेन शहरात व्याख्यान दिलं. रात्रीच्या जेवणावर तिथल्या विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्यांशी बोलताना कल्पना निघाली की ऑस्ट्रिया-हंगेरी सरहद्दीवर दोन्हीकडच्या लोकांनी एकत्र जमून शेकोटी करावी, खावं-प्यावं, बोलावं. ओटो आणि हंगेरीतले सुधारणावादी मंत्री इम्रे पोझ्गाय हे दोघं आश्रयदाते झाले. १९ ऑगस्टला शोप्रॉनजवळच्या माळावर 'पॅन-युरोपीय सहल' भरली. दोन्ही आश्रयदाते मुद्दाम दूर राहिले. ओटोतर्फे लेक वाल्बुर्गा हजर होती. सरहद्दीचं एक लाकडी फाटक तीन तासांसाठी उघडायची परवानगी होती, तीही दोन्ही बाजूंच्या शिष्टमंडळांच्या प्रतीकात्मक येण्याजाण्यापुरती. पण पूर्व जर्मनीहून सुट्टीच्या नावाखाली हंगेरीत आलेल्या लोकांपर्यंत जर्मन भाषेतली पत्रकं पोचली होती. दुपारी तीनच्या सुमारास फाटकावरचा हंगेरियन अधिकारी लेफ्टनंट कर्नल आर्पाद बेला शिष्टमंडळाची वाट पाहत होता. रस्त्याच्या वळणावरून मात्र आले ते शेकडो लोक. तरुण जोडपी, कडेवर पोरं, हातात पिशव्या, आणि सगळे फाटकाच्या दिशेनं धावत. पूर्वीचे नियम पाळायचे तर त्याला शस्त्र उगारावं लागलं असतं. हाताशी मोजकीच माणसं, आणि विचाराला काही सेकंद. बेलानं आपल्या माणसांना आवरलं. गर्दीकडे पाठ करून ते ऑस्ट्रियाकडून येणाऱ्यांचे पासपोर्ट तपासत राहिले. सहाशेहून जास्त माणसं त्या दुपारी पलीकडे गेली. बर्लिनची भिंत तीन महिन्यांच्या आत पडली. पूर्व जर्मनीचा सर्वेसर्वा होनेकर यानं या सगळ्याचा दोष नाव घेऊन हॅब्सबर्गला दिला. भिंत पाडण्याचं श्रेय एका माणसाचं नसतं, आणि त्या दिवशीचं सगळ्यात मोठं धैर्य बेलाचं होतं असं मी म्हणेन. पण जी सरहद्द १९१८ पर्यंत नव्हतीच, त्या सरहद्दीला पहिलं मोठं भगदाड पाडणाऱ्या कार्यक्रमाला ओटोचं नाव होतं, हे खरंच आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये झिटा ९६ व्या वर्षी गेली होती, आणि १ एप्रिलला, कार्लच्या मृत्यूच्या तारखेलाच, प्रजासत्ताक ऑस्ट्रियानं तिला व्हिएन्नाच्या शाही तळघरात निरोप दिला होता.

ओटोच्या सगळ्याच गोष्टी गौरवाच्या नाहीत. मार्च २००८ मध्ये, नाझी कब्जाला सत्तर वर्षं झाली त्या निमित्तानं व्हिएन्नाच्या संसदभवनात बोलताना त्यानं सांगितलं, की स्वतःला बळी म्हणवण्याचा ऑस्ट्रियाइतका हक्क युरोपात दुसऱ्या कुठल्या देशाला नाही. त्यावर गदारोळ उठला आणि उठायलाच हवा होता. १९३८ मध्ये व्हिएन्नाच्या चौकात हिटलरसाठी जमलेली लाखोंची गर्दी आणि ऑस्ट्रियातल्या ज्यूंचं जे झालं ते पाहता हे वाक्य टिकत नाही. युद्धकाळात देश वाचवण्यासाठी वापरलेला युक्तिवाद तो शेवटपर्यंत इतिहास म्हणून मांडत राहिला. ही त्याची मोठी चूक होती.

रेगिना फेब्रुवारी २०१० मध्ये गेली. ओटो ४ जुलै २०११ ला, ९८ व्या वर्षी, प्योकिंगच्या घरी गेला. १६ जुलैला व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलमधून अंत्ययात्रा कापुचिन मठापाशी आली. तिथल्या तळघरात हॅब्सबर्गांच्या पिढ्यान् पिढ्या निजल्या आहेत आणि आत जाण्याचा एक जुना विधी आहे. बंद दारावर काठी आपटली जाते. आतून साधू विचारतो, कोण आहे? बाहेरून राजेशाही किताबांची लांबच लांब यादी वाचली जाते. उत्तर येतं, आम्ही त्याला ओळखत नाही. ओटोच्या वेळी दुसऱ्या खेपेला त्यानं स्वतः कमावलेल्या पदव्या वाचल्या गेल्या: डॉक्टरेट, पॅन-युरोपा युनियनचं अध्यक्षपद, संसद सदस्यत्व, विद्यापीठांचे सन्मान. तरीही तेच उत्तर. तिसऱ्या खेपेला सांगितलं गेलं, ओटो, एक मर्त्य, पापी माणूस. तेव्हा दार उघडलं. दुसऱ्या दिवशी त्याचं हृदय हंगेरीत पनोनहाल्माच्या मठात ठेवलं गेलं, ज्यांच्या साधूंनी त्याला लहानपणी शिकवलं होतं त्या मठात.

मुलांपैकी कित्येक जण सार्वजनिक कामात राहिले आणि वेगवेगळ्या देशांत. कार्ल ऑस्ट्रियातर्फे युरोपीय संसदेत होता, पुढे युद्धात सांस्कृतिक ठेवा वाचवणाऱ्या ब्लू शील्ड संघटनेचा अध्यक्ष झाला. वाल्बुर्गा स्वीडनच्या संसदेत आठ वर्षं बसली. शिल्पकार गाब्रिएला जॉर्जियाची जर्मनीतली राजदूत झाली. गेऑर्गनं हंगेरीचं राजदूतपद स्वीकारलं. एकाच घरातली चार भावंडं चार वेगळ्या देशांची प्रतिनिधी, असं दुसरं कुटुंब माझ्या माहितीत नाही. नातू फर्डिनांड मोटारशर्यतीत उतरला आणि २०२१ मध्ये ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात विजयी चमूत होता.

कायद्याचा पाठलाग मात्र संपलेला नाही. हॅब्सबर्ग वंशातल्या माणसानं राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवू नये, ही बंदी ऑस्ट्रियाच्या संसदेनं उठवली ती जून २०११ मध्ये, ओटोच्या मृत्यूला महिनाही उरला नव्हता तेव्हा. मालमत्तेची जप्ती तशीच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो वाद नव्यानं उघडला. १९१८ पासून गायब असलेला, चोरीला गेला किंवा तुकडे करून विकला गेला असंच समजला जाणारा १३७ कॅरटचा पिवळसर 'फ्लोरेंटाइन' हिरा कॅनडातल्या एका बँकेच्या तिजोरीत सुखरूप असल्याचं कुटुंबानं जाहीर केलं. झिटानं तो निर्वासित म्हणून जाताना बरोबर नेला होता. कार्लच्या मृत्यूला शंभर वर्षं होईपर्यंत वाच्यता करू नका, असं तिनं बजावलं होतं आणि ही गोष्ट आपल्या रॉबर्ट आणि रुडॉल्फ या दोनच मुलांना सांगितली होती. हिरा विकायचा नाही, आसरा दिल्याची कृतज्ञता म्हणून कॅनडात प्रदर्शनात ठेवायचा, असं वारसांचं म्हणणं आहे. तो घराण्याचा खाजगी की ऑस्ट्रियाच्या जनतेचा, हा प्रश्न व्हिएन्नात लगेच विचारला गेला, आणि त्याचं उत्तर शोधायला वकिलांना पुन्हा ३ एप्रिल १९१९ चाच कायदा उघडावा लागतो.